दुपट्यावरचा आकडा

"दाराकडं बघू नगंस. माझ्याकडं बघ. दारातनं कुणी येत नसतं."

हौसाक्काचा हा आवाज मी ऐकला तेव्हा आठ वर्षांची होते. भर दुपार होती. धाकट्या भावाच्या वेळी आई आतल्या खोलीत अडली होती आणि मला चुलीवरच्या पाण्याला जाळ घालायला बसवलं होतं. हौसाक्का आमच्या बोरजाईची सुईण. प्रत्येक कळेला आईची मान दाराकडं वळे, कारण दाराबाहेर उंबराखाली वडील बसले होते. हौसाक्का तिची हनुवटी धरून ती मान परत आपल्याकडं वळवी आणि दळणाच्या सुरात म्हणे,

कळ आली, कळ गेली, मोट चालली विहिरीला
माझ्या गं मैतरणी, धर माझ्या मनगटाला

आईनं धरलं. दुसऱ्या दिवशी हौसाक्का बाळाला न्हाऊ घालायला आली, तेव्हा तिच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते. मी विचारलं, "हे काय?"

"तुझ्या आईचं दुखणं," ती हसून म्हणाली. "थोडं माझ्याकडं ठेवायला दिलंय तिनं."

चाळीस वर्षांनी नेमकं हेच काम करणारं यंत्र बोरजाईच्या ग्रामीण रुग्णालयात आलं. मी तिथं प्रसूतीची परिचारिका होते. माझं नाव वैजयंता लोखंडे, पण गावाला मी वैजू सिस्टर, आणि गावच्या लेकींना आत्या.

यंत्राचं नाव साथपट्टा. ते शिकवायला आलेल्या इंजिनिअर मुलीनं आम्हाला फार सोपं करून सांगितलं होतं. पोटातली कळ म्हणजे मेंदूकडं निघालेला निरोप. वाटेत, पाठीच्या कण्यात, कालव्यावर असतं तसं एक दार असतं. ते किती उघडायचं हे मेंदू ठरवतो. बाई भ्याली की दार सताड उघडतं आणि तिला धीर आला की ते खाली येतं. विश्वासाच्या माणसानं हात धरला, की दोघांचा श्वास, काळजाचे ठोके, मेंदूतल्या लहरीसुद्धा हळूहळू एका ठेक्यात येतात, जात्याच्या खुंट्याला दोन हात लागले की दोघींचा झोका एक होतो तसं. साथपट्टा तो ठेका पकडायचा आणि वाढवायचा. बाईच्या पोटावरचा पट्टा कळ मोजायचा. नवऱ्याच्या पोटावरचा पट्टा बारीक विजेनं त्या कळेचा तिसरा हिस्सा त्याच्या स्नायूंत उमटवायचा. तो न डगमगता श्वास धरून राहिला, तर त्याची ती स्थिरता उलट तिच्या कण्याकडं जायची आणि दार खाली यायचं. दहातल्या सहा-सात कळा पुसट व्हायच्या. औषध नाही, सुई नाही, बाळाला काही अपाय नाही.

फक्त एक होतं. कळ भरात असताना नवऱ्यानं पट्टा सोडला, तर दार एकदम वर जायचं आणि अडलेलं सगळं पाणी एका दमात बाईच्या अंगावर यायचं. आम्ही त्याला उलटी लाट म्हणायचो.

उजेडानं लहरींचं मोजमाप बिघडतं म्हणून बाईच्या डोळ्यांवर मऊ काळी पट्टी असे. दोघांच्या हातांत जाळीचे मोजे आणि हातात हात. शेवटी पडद्यावर आकडा यायचा: साथ, शंभरपैकी इतकी. यंत्राच्या लेखी तो नुसता आकडा. पण आमच्याकडच्या बायकांनी तो बाळाच्या दुपट्यावर लाल दोऱ्यानं भरायला सुरुवात केली. बारशाला येणारी बाई पाळण्यात आधी दुपट्याचा कोपरा बघायची आणि मग बाळाचं नाक. "अठ्ठावन्न? नवरा बरा आहे गं. आमच्या भाचीचा एकोणचाळीस, तोंड वर करून हिंडतोय मेला!"

*

शेजारच्या अण्णांची ईश्वरी पहिलटकरीण. रीतीप्रमाणे सातव्यात माहेरी आली. मी तिचं पोट मोजत होते तेव्हा कानामागं पिवळा पडत चाललेला डाग दिसला.

"हे कशानं?"

"कपाटाचं दार लागलं." मग थोडं थांबून म्हणाली, "आत्या, मी परत जाणार नाही. बाळ झालं की बीएडचं राहिलेलं वर्ष करते. आईला सांगितलंय."

"आणि अण्णा?"

"म्हणाले, आधी मोकळी हो, मग बघू."

कळा सुरू झाल्या त्या सकाळी तिचा नवरा शंभूराज आला. पट्ट्यासाठी नाव नवऱ्याचंच नोंदवलेलं असायचं, त्यामुळं त्याला यावंच लागलं. उंच, देखणा, कोंबड्यांच्या शेडचा मालक. आठव्या मिनिटाला त्यानं पट्ट्याची कडी काढली. नशीब, दोन कळांच्या मधे काढली.

"सिस्टर, नाही जमणार. आतडी पिळवटल्यात माझी."

"हळू बोल."

"आयला, हे माणसाचं काम हाय का?"

मी त्याला मागच्या दारानं बाहेर काढलं; ईश्वरी दोन कळांमधल्या गुंगीत होती, तिला कळलं नाही. पुढची कळ येत होती. पाठीत इंजेक्शन देणारे भुलीचे डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या केसला होते. हातात पट्टा होता. रोज सकाळी यंत्र तपासायला आम्ही तो स्वतःच्या पोटाला बांधून तीन मिनिटं चालवायचोच. ईश्वरीची फाईल पडद्यावर उघडी होती, नवऱ्याच्या नावासकट. पट्टा कुणाच्या पोटावर आहे हे यंत्र विचारत नव्हतं.

मी बांधला.

पहिल्यांदाच बांधला असंही नाही. त्याआधी दहा-बारा जणींसाठी बांधला होता. एकीचा नवरा चक्कर येऊन पडला होता, एकीचा सैन्यात होता, एक दारूच्या वासाचा आला होता. माझ्यासोबतची नसीम सिस्टर हे बघून चिडायची. "वैजू, ज्याची त्यानं सोसू दे. नाहीतर नाही म्हणून लिहू दे." पण समोर बाई तडफडत असताना मला लिहिणं सुचत नसे.

साडेतीन तास ईश्वरीच्या हातात माझा हात होता. माझे हात पहिल्यापासून रांगडे, कासारीण हसायची बांगड्या भरताना. जाळीच्या मोज्यातून काय कळणार? ऐन भरात, काळ्या पट्टीआडून तिनं विचारलं,

"शंभू, आहेस ना रे?"

मी तिचा हात दाबला. दोनदा. बोलले काहीच नाही.

बाळ रडलं तसा मी पट्टा सोडला, शंभूला आणून स्टुलावर बसवलं, मग तिच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. पडद्यावर एक्याण्णव. बोरजाईत तोवर एवढा आकडा आला नव्हता. ईश्वरीनं त्याच्याकडं असं बघितलं, की मी कात्री धुवायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. तिनं त्याचा हात उचलून गालाला लावला. तोही रडला. कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

सव्वा महिन्यानं ती सासरी निघाली. एसटी स्टँडवर मीही होते. बाळाच्या दुपट्यावर लाल दोऱ्यात एक्याण्णव, भोवती वेल. मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

*

त्याच वर्षी पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. बाळंतपणातल्या वेदनेवर जोडीदाराची साथ किती उपयोगी पडते, यावर प्रसूती करणाऱ्या सिस्टरांची मतं त्यांना हवी होती. चहा झाला, त्यांनी आवाज टिपणारं यंत्र सुरू केलं.

नसीमला तोंड फुटलं. "नवरा खोलीत असावा हो बाई. पाठ चोळायला असावा, पाणी पाजायला असावा, शिव्या खायला तर असावाच. पण पोटाला वायरी लावून त्याची माया मोजू नये. आमचा निळकंठ मिस्त्री, ट्रॅक्टरवाला. नऊ तास बायकोच्या कंबरेला शेकत बसला. तिच्यासंगं रडला. आकडा किती? चौतीस. रडणाऱ्याचं काळीज धावतं ना, यंत्राला स्थिर माणूस लागतो. स्थिर तर दगडपण असतो."

बाई हसल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमच्या पाळीतले आकडे जिल्ह्यात सगळ्यात वर आहेत, सिस्टर. तुमचं मत?"

आता सांगावं, असं मनात आलं. पण सांगितलं असतं तर तो पट्टा दुसऱ्या दिवशीच माझ्या हातून गेला असता, आणि त्या आठवड्यात दोन जणी यायच्या होत्या, दोघींचे नवरे ऊसतोडीला.

"साथीनं फरक पडतो," मी म्हणाले. "आकडे बघाच की."

त्यांनी बघितले. दीड वर्षानं आदेश आला. ग्रामीण भागात जोडीदाराच्या साथीनं वेदनेचं नियमन समाधानकारक होत असल्यामुळं प्रसूतीसाठीचं भुलीच्या डॉक्टरांचं पद रद्द. पाठीतलं इंजेक्शन फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी. खाली आधार म्हणून चार रुग्णालयांची सरासरी दिली होती, पहिलं नाव बोरजाईचं. नसीमनं कागद वाचून माझ्यासमोर ठेवला. तेवढ्यावरून समजलं मला. मी सत्तरेक जणींच्या कळा उचलल्या होत्या आणि त्याबदल्यात हजारो जणींचं औषध काढून घेतलं होतं.

पाठोपाठ नवा साथपट्टा आला. तो तळहात ओळखत होता. नोंदवलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या पोटावर तो चालू होईना. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तोवर बधिर झाली होती. अधूनमधून, भाजी निवडताना, एसटीत बसलेली असताना, पोटात कुणाची तरी कळ उठायची आणि विरायची. कुणाची ते आता सांगता येत नव्हतं.

*

चैत्रात ईश्वरी दुसऱ्या खेपेला आली. दुसरं बाळंतपण सासरी करायची रीत, पण ती हट्टानं बोरजाईला आली. "आमच्या दोघांची साथ इथंच लागते," असं सासूला सांगून. उन्हाचा पारा सेहेचाळीसवर होता आणि तिनं लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला होता. रक्तदाब घ्यायला बाही वर केली.

दंडावर वळ, जुने, नवे, एकावर एक.

"कपाटाचं दार?" मी म्हणाले.

ती कसनुशी हसली. "मनानं वाईट नाही तो, आत्या. डोकं फिरलं की फिरतं. नंतर स्वतःच म्हणतो, एक्याण्णव सोसलेत मी तुझे, आणखी काय पाहिजे तुला? आणि खरंच आहे ना? एवढं कोण सोसतं?"

रक्तदाबाच्या पट्ट्यातली हवा मी सोडली. सुस्कारा निघाला. यंत्राचा निघाला की माझा, कळलं नाही.

कळा अकराच्या सुमारास वाढल्या. शंभू हात धुवायला बेसिनपाशी आला तेव्हा खाली मान घालून पुटपुटला, "सिस्टर, मागच्यासारखं करा की."

"आता होत नाही. यंत्र तळहात ओळखतं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. तीन वर्षांत बहुतेक त्यालाही वाटायला लागलं होतं, की ते एक्याण्णव त्याचेच.

"मग पट्टा नको बांधू," मी म्हणाले. "तिला सांग, जमत नाही. नुसता हात धरून बस. तेवढंही पुष्कळ होतं, शंभू. मी पाठ शेकते तिची."

"बाहेर आई बसलीय माझी. काय सांगू? शेजारीपाजारी सगळ्यांना एक्याण्णव पाठ हाय."

आतून ईश्वरीनं हाक मारली. डोळ्यांवर पट्टी होती तिच्या. हात हवेत पुढं केलेला. "शंभू, ये ना."

त्यानं बांधला. पहिली कळ दात खाऊन काढली. दुसरीला त्याचा घाम स्टुलावर टपटपला. तिसरी चढत चालली होती, अगदी माथ्यावर आली होती, मी ओरडले, "आता नको, शंभू, ही उतरू दे!" आणि त्यानं कडी काढली.

उलटी लाट मी पुस्तकात वाचली होती, पण बघितली नव्हती. ईश्वरीचं अंग कमानीसारखं वर उचललं गेलं. जो आवाज निघाला तो तिचा वाटत नव्हता. नसीम धावत आली. शंभू दारातून बाहेर पडला होता.

"पाठीतलं द्या," ईश्वरी म्हणत होती, "आत्या, पाठीतलं इंजेक्शन द्या, पाया पडते."

भुलीचे डॉक्टर साठ किलोमीटरवर होते. ते तिथं का होते, हे त्या खोलीत मला आणि नसीमला माहीत होतं.

मी तिच्या डोळ्यांवरची काळी पट्टी काढून फेकली. पट्टे सोडले. तिची मान सारखी दाराकडं वळत होती.

"का गेला? मी काय केलं? आत्या, मी काही केलं का?"

"माझ्याकडं बघ. दाराकडं नको. माझ्याकडं."

माझं मनगट तिच्या हातात दिलं. नसीम गरम पाण्यात फडकी पिळून तिच्या कंबरेला लावत राहिली. त्यापुढचे पाच तास जसे हौसाक्काच्या काळी असत तसे होते. दार पुन्हा काही खाली आलं नाही. एकदा वर गेलेलं दार भ्यालेला मेंदू लवकर उतरवत नाही, हे इंजिनिअर मुलीनं सांगितलं होतंच. मी मोटेची ओवी म्हटली, चाळीसदा तरी म्हटली असेल. ओवीनं दुखणं कमी होतं असं मी म्हणणार नाही. ती म्हणताना दोघींना श्वास घ्यावा लागतो, एवढंच.

पाचाला मुलगी झाली. चांगली झाली. ईश्वरी मात्र फाटली होती, रक्त थांबेना. जिल्ह्याहून ड्रोननं दोन पिशव्या रक्त आलं तेव्हा तिचे ओठ कागदासारखे होते. वाचली. पडद्यावर आकडा होता: सात.

बाहेर शंभू आपल्या आईला सांगत होता, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मशीन दोघांचं मन बघतंय. हिचंच मन नाही माझ्यात, म्हणून पडला आकडा."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले. खिडकीला ओला पडदा लावला होता. बाळ पाळण्यात होतं, थोरल्याच्या दुपट्यात गुंडाळलेलं. धुवून धुवून विटलेलं दुपटं, पण लाल दोरा अजून ताजा. एक्याण्णव.

"नवं नाही आणलं?" मी विचारलं.

"आणलंय. पण त्याच्यावर काय भरू?" ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज अजून घोगरा होता. "राहू दे हेच. उद्या सोडणार ना आम्हाला? शंभू गाडी घेऊन येतोय."

"चार दिवस माहेरी राहा."

"नको. तो चिडलाय. सात आकडा माझ्यामुळं आला, आत्या. खरंच असेल. मधे मधे माझं मन हलायचं. बीएडचं मनात यायचं, निघून जावंसं वाटायचं. यंत्राला कळलं असणार."

"यंत्राला काही कळत नाही."

"असं कसं? मागच्या वेळी कळलंच ना?" ती दुपट्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होती. "तुम्हाला माहीत नाही. मी त्याला विचारलं होतं, आहेस ना? तर त्यानं माझा हात दाबला. दोनदा. तो मारतो ना, तेव्हा मी तेच आठवते. म्हणते, तो आत कुठंतरी आहे. ज्यानं दोनदा हात दाबला तो माणूस खोटा कसा असेल?"

दारात नसीम उभी होती, औषधांचा ट्रे घेऊन. तिनं ऐकलं होतं. कालच तिनं मला म्हटलं होतं, "बोललीस तर नोकरी जाईल, सत्तर दुपटी खोटी ठरतील, सत्तर घरांत भांडणं लागतील." आणि मग, ट्रे पुसत पुसत, "पण हिला तू परत पाठवलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही." आता ती ट्रे घेऊन तशीच मागं फिरली आणि दार ओढून घेतलं.

ईश्वरीची नजर दाराकडं गेली. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली होती.

मी तिची हनुवटी धरली आणि तोंड माझ्याकडं वळवलं. माझ्या मनगटावर तिच्या चार बोटांचे वळ होते, निळे, कडेनं हिरवट व्हायला लागलेले. तिनं ते पहिल्यांदाच बघितले. बोट लावून म्हणाली, "हे माझ्यामुळं?"

मी तिचा हात हातात घेतला. बधिर बोटांत जेवढा होता तेवढा जोर लावून दाबला. एकदा. मग पुन्हा एकदा.

ती माझ्याकडं बघत राहिली.

"ईश्वरी," मी म्हणाले, "शंभू आठव्या मिनिटाला उठून गेला होता. तो हात माझा होता."